दातांच्या डॉक्टरांनी चावलेली पेन्सिल

मी एक जुनी पेन्सिल आहे आणि मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू. दवाखान्यातल्या या टेबलाच्या खणात माझ्याएवढं जग पाहिलंय कोणी?

कारखान्यात माझ्या बहिणींना वीतभर उंची मिळाली, डोक्यावर गुलाबी रबराची टोपी मिळाली. मला मात्र बोटभर कापून बाजूला टाकलं. टोपीबिपी काही नाही. गोल्फचे फटके लिहायला एवढी पुरे, म्हणे!

गोल्फच्या मैदानावर मला दातांच्या डॉक्टरांनी उचललं. बावीस वर्षं खेळूनही त्यांना अठरा होल शंभर फटक्यांच्या आत कधी जमले नव्हते. आता गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर खेळ बंद. म्हणजे हा शेवटचा डाव.

"आज तरी जमेल का हो?" त्यांच्या बायकोने विचारलं. त्या नुसत्या सोबत चालायला यायच्या.

"तू गप्प बसलीस तर जमेल."

मैदान चित्रासारखं देखणं, पण महा खाष्ट. पहिल्याच होलला चेंडू झाडात अडकला. तिसऱ्या होलला खाली समुद्र आणि समोरून वारा. चेंडू गेला तसा माघारी आला, तो थेट बाईंच्या पर्समध्ये! सहाव्याला वाळूत चार फटके मारले. वाळू उडाली, चेंडू जागचा हलला नाही.

"विहीर खणताय का?" बाईंनी विचारलं.

प्रत्येक होलनंतर डॉक्टर चरफडत आकडा लिहायचे आणि मला कचाकच चावायचे. जन्मभर लोकांना 'दात सांभाळा' सांगणारा माणूस! माझ्या अंगावरचे वळ अजून गेलेले नाहीत.

अकरावा होल दरीत होता. बाई वरच थांबल्या. खाली झुडपात डॉक्टरांनी नऊ फटके मारले. मी स्वतः मोजले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि लिहिले सात. शरमेने माझं टोकच थरथरलं.

सोळाव्याला तळं. चेंडू बदकाच्या पाठीवर बसून पलीकडे उतरला. खोटं वाटतंय? वाटू दे.

अठराव्याला शेवटच्या फटक्याने चेंडू होलमध्ये पडला. बेरीज नव्व्याण्णव.

"अहो, जमलं की!" बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "द्या तो कागद. चौकट करून दवाखान्यात लावते."

डॉक्टर कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी मला उलटं धरलं, माझ्या रबराने सात खोडले, नऊ लिहिले आणि म्हणाले, "एकशे एक झाले गं. राहिलंच ते."

असा सरळ माणूस! आणि मी? तेव्हापासून टाचण्यांच्या डबीमागे धूळ खात पडले आहे. म्हणून सांगते मित्रांनो, आकडा खरा लिहा, आणि तो लिहिणारीला चावू नका, विसरू तर मुळीच...

"आजी," काल खणात आलेला नवा खोडरबर म्हणाला, "परवापर्यंत मी वर टेबलावर होतो. समोरच्या चौकटीत नव्व्याण्णवच आहेत. आणि टोपी तर तुम्हाला मिळालीच नव्हती ना? मग खोडलंत कशानं?"