बॉनेटखाली नाही, बॉनेटवर

सासऱ्यांनी कानात औषध घालायच्या ड्रॉपरने बॉनेटवर पाण्याचा एक थेंब सोडला, चष्मा नाकावर खाली ओढला आणि कबुलीजबाब द्यायला पुरेसा वेळ मिळावा अशा बेताने ते त्या थेंबाकडे बघत राहिले. थेंब गोल राहिला. टपोरा, चकचकीत, निगरगट्ट.

“मेण आहे,” सासरे म्हणाले.

“थोडंसं असेल, बाबा.”

“थोडंसं आहे म्हणजे आहे.”

चौतीस वर्षं सासऱ्यांनी दुकानदारांची वजनमापं तपासली होती. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं च्युइंगगम ते दुकानात शिरण्याआधी वासावरून ओळखत, असं घरात सांगितलं जाई आणि ते स्वतः कधी नाकारत नसत. निवृत्त झाल्यावर तपासायला फारसं काही उरलं नव्हतं. आता ही गाडी होती.

जावयाने पाण्याचा पाइप गुंडाळला. सकाळपासून शाम्पूने गाडी दोनदा धुऊन झाली होती आणि तेवढ्यावर भागेल अशी आशा त्याने धरली होती. गाड्या चमकवून पोट भरणाऱ्या माणसाला ही आशा शोभणारी नव्हती. आज गाडीवर काचेसारखं कडक होणारं कोटिंग लावायचं होतं आणि ते रंगाला थेट चिकटावं लागतं. मधे मेणाचा पापुद्रा राहिला, की दोन महिन्यांत पोपडे सुटतात. हे सगळं सासऱ्यांना त्यानेच समजावून सांगितलं होतं, हातवारे करून, फुशारकीच्या भरात. वर थेंबाची चाचणीही सांगून ठेवली होती: थेंब गोल राहिला तर मेण आहे, पसरला तर नाही. माणसाने घरच्यांना धंद्यातलं किती सांगावं, याचा त्याने आता नव्याने विचार केला.

गाडी त्याला आणि त्याच्या बायकोला मिळणार होती. सासऱ्यांचा हात हल्ली थरथरायचा आणि डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायची मनाई केली होती. वस्तू द्यायची तर अंगावर ओरखडा नसलेली द्यायची, असं सासऱ्यांचं म्हणणं होतं.

अंगावर ओरखडा होता. तीन अक्षरी होता.

सहा वर्षांपूर्वी, लग्नाला दोन महिने झालेले असताना, सासऱ्यांनी जावयाला पहिल्यांदा या गाडीत बसवलं आणि बसवण्याआधी सीटवर वर्तमानपत्र अंथरलं. जावई दुकानातून थेट आलेला, कपड्यांवर पॉलिशचे डाग होते, हे कबूल. पण पेपर अंथरला तो चारपदरी, आणि जावई उतरल्यावर नीट घडी करून घरात परत नेला, कारण त्यांचा तो वाचायचा राहिला होता. त्या संध्याकाळी अंगणात उभ्या गाडीवर धुळीचा थर होता. आसपास कुणी नव्हतं. जावयाने बॉनेटवर बोटाने, दाबून, मन लावून लिहिलं: खडूस. शेवटच्या अक्षराशी आला तेवढ्यात सासूबाईंच्या चपला वाजल्या. स अर्धाच राहिला आणि त्याने सगळं शर्टाच्या बाहीने कोरडंच पुसून टाकलं.

धूळ म्हणजे बारीक वाळू. तिच्यावरून बोट फिरवायचं नसतं आणि कोरडं तर मुळीच पुसायचं नसतं. त्याच्या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात. त्यानेच कितीतरी गिऱ्हाइकांना हे सांगून ओशाळं केलं होतं. गाडी काळी होती. दुसऱ्या दिवशी उन्हात तिन्ही अक्षरं कोरीव लेखासारखी उजळली.

मशीनने घासून ती काढता आली असती. पण मशीनला अंदाज नसतो असं म्हणून सासऱ्यांनी गाडीला मशीन लावू दिलं नाही. मग उपाय उरला एकच: ओरखड्यात भरून बसणारं मेण. ते महिनाभर टिकतं. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जावई सासऱ्यांची गाडी चमकवायला येऊ लागला. एकही रविवार चुकला नाही. एकदा अंगात ताप होता तेव्हाही नाही.

गल्लीत त्याचं नाव झालं. शेजारच्या काकू स्वतःच्या जावयाला मुद्दाम गच्चीत नेऊन खाली दाखवायच्या, आणि तो जावई पुढे रस्त्यात भेटला तरी ओळख दाखवेनासा झाला. पोटचा मुलगा असता तरी त्याने एवढं केलं नसतं, असं म्हणून सासूबाई त्याला मोठ्या कपात चहा द्यायच्या, आणि जावई तो चहा गाडीकडे पाठ करून प्यायचा. दीड वर्षापूर्वी त्या गेल्या. महिन्याचा पहिला रविवार चौथ्याच दिवशी आला. जावयाने त्याही दिवशी मेण लावलं, कारण भेटायला येणारे सगळे गाडीपाशीच घोळका करून उभे राहत होते. ते बघून दोन नातेवाइकांना भरून आलं.

सासऱ्यांनी मात्र सहा वर्षांत एकदाच कौतुक केलं होतं. “तुम्ही बरे आहात,” असं ते म्हणाले होते. त्यानंतर आठवडाभर जावयाला अन्न गोड लागलं नाही.

आता त्याने खोक्यातून चार बाटल्या काढून गॅरेजमधल्या फळीवर ठेवल्या. सासऱ्यांनी त्या उंचीप्रमाणे लावल्या आणि एकेकीची उलटतपासणी सुरू केली.

पहिली ग्रीस काढायच्या साबणाची. हिची जावयाने तोंड भरून शिफारस केली, कारण चौघींत तीच सर्वांत निरुपयोगी होती. सासऱ्यांनी कोपऱ्यावर लावून बघायला सांगितलं, वर थेंब सोडला आणि बाटली बाजूला सारली. दुसरी टर्पेंटाइनची. हिने मेण विरघळतं, पण स्वतःचा तेलकट थर ती मागे ठेवते, असं जावयाने सांगितलं. तिसरी अल्कोहोलची. मेणापुढे ही एकटी दुबळी, मात्र तेलकटपणा स्वच्छ नेते. नुसती वापरली तर रंग मऊ पडायची भीती, म्हणून निम्मं पाणी घालायचं. म्हणजे आधी दुसरी, मग तिसरी, असा निकाल सासऱ्यांनी दिला. निकाल बिनचूक होता. जावयाला त्यात एक शब्दही बदलता येईना.

“आणि ही चौथी?”

“थिनर. चुकून आली.”

चुकून आली नव्हती. थिनरचं फडकं मेणावर थांबत नाही, खालचा रंगही घेऊन जातं. एक हात फिरवला असता, तर बॉनेटवर पांढुरके डाग पडले असते, ते नव्याने रंगवावं लागलं असतं, आणि जुन्या रंगाबरोबर तीन अक्षरंही गेली असती. ‘बाबा, बाटली बदलली’ हे वाक्य जावयाने आरशासमोर उभं राहून पाठ केलं होतं. सासरे वाटेल ते बोलले असते. चुकीच्या गुन्ह्यासाठी बोलले असते, पण बोलले असते, आणि सहा वर्षं तुंबलेलं काहीतरी त्यात वाहून गेलं असतं.

सासरे फडकी आणायला घरात गेले. जावयाने थिनरचं झाकण काढलं, खिशातलं फडकं तोंडाशी धरून बाटली उलटवली आणि तो बॉनेटपाशी आला. हात पुढे झाला. तेवढ्यात सासरे दारात दिसले. त्यांच्या हातात पांढऱ्या सुती कापडाचे बारा चौकोन होते, पट्टी लावून कापलेले, बाराच्या बारा सारखे.

“तुम्ही म्हणाला होतात, मऊ हवं,” ते म्हणाले. “हिच्या उशांचे अभ्रे होते. कपाटात नुसते पडून होते.”

जावयाने थिनरचं फडकं पाठीमागे नेलं.

“थिनरचा वास येतोय,” सासरे म्हणाले.

“झाकण सैल होतं.”

त्याने झाकण घट्ट लावलं. गरजेपेक्षा जास्तच घट्ट, आणि बाटली फळीखाली मागे सारून दिली.

मग त्याने काम केलं, आणि चांगलं केलं. हाताला वाईट काम येतच नव्हतं. टर्पेंटाइन लावायचं, सुकायच्या आत पुसायचं, चौकोनाची घडी बदलायची, कोऱ्या बाजूने पाणी घातलेलं अल्कोहोल फिरवायचं. सासरे थेंब सोडत मागून येत होते. थेंब आता पसरत होता. जावयाने पलीकडच्या टोकापासून सुरुवात केली होती आणि जमेल तेवढा वळसा घेत तो पुढे सरकत होता. पण बॉनेट शेवटी बॉनेटएवढंच असतं. नवव्या चौकोनाला ख आला. दहाव्याला डू. अकराव्याला अर्धा स.

सासऱ्यांनी गॅरेजमधला दिवा हातात घेऊन तिरका धरला आणि ते खाली वाकले. वर्षानुवर्षं मापांवरचे शिक्के वाचणारे त्यांचे ओठ हलले.

“खडूस,” ते म्हणाले.

“बाबा, ते मी...”

“हिचं आहे हे.”

सासरे स्टुलावर बसले आणि बॉनेटकडे बघतच बोलू लागले. तेही फारसं नाही, तुटक तुटक. ही त्यांना हेच म्हणायची. चारचौघांत कधी नाही, दार लावल्यावर. दीड वर्षात कुणी म्हटलं नव्हतं. कधीतरी रागाच्या भरात बाहेर येऊन लिहून गेली असेल. त्यांनी बघावं म्हणूनच लिहिलं असणार, दुसरं काय.

“आणि मी वरून मेण लावून घेत बसलो,” ते म्हणाले. “दर महिन्याला. समोर बसून.”

जावई हातातल्या चौकोनाची घडी करत राहिला. आणखी घडी पडेना इतका तो लहान झाला, तरी करत राहिला.

हे ठेवून वरून कोटिंग लावता येतं का, असं सासऱ्यांनी विचारलं. येतं, जावई म्हणाला. टिकेल किती? चार-पाच वर्षं. तेवढं पुरे, असं म्हणून त्यांनी मान हलवली आणि पुन्हा दिवा खाली नेला.

“हा स अर्धा आहे. ही काही अर्धवट सोडणारी नव्हती. मीच हाक मारली असेल मधे. तेवढा पुरा करून टाका, जावईबापू. माझा हात स्थिर नाही.”

जावयाने गॅरेजच्या कोपऱ्यातून चिमूटभर धूळ आणली आणि अर्ध्या स वर पसरली. बोट टेकवलं. शाळेच्या पुस्तकातला सरळ, सभ्य स काढता आला असता. तो बाकीच्यांशी थोडा विजोड दिसला असता, पण परक्याने जोडलेलं अक्षर विजोडच दिसायचं. कुणाला कळलं नसतं. चार-पाच वर्षं या माणसाला अंगणात येऊन आपल्या बायकोचं अक्षर बघता आलं असतं. पण जावयाने बोट फिरवलं, ते जसं फिरतं तसंच. खाली येताना डावीकडे झुकणारं आणि टोकाला नको तेवढी शेपटी काढणारं. त्याच्या शाळेतले मास्तर त्या शेपटीपायी कायम त्याच्या मागे असत. घाई केली नाही. मग शेवटच्या, बाराव्या चौकोनाने त्याने धूळ टिपून घेतली.

सासरे उठले. त्यांनी जुना अर्धा भाग बघितला, नवा बघितला, आणि दोन्ही जिथे भेटत होते ती जागा शोधली. जागा सापडत नव्हती. दोन मापं एकच आहेत की नाहीत, हे सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. मग ते जावयाच्या बोटाकडे बराच वेळ बघत राहिले.

“म्हणजे हिने नाही लिहिलं.”

“नाही, बाबा.”

जावयाची मान वर होईना. सासऱ्यांच्या हातातला दिवा थरथरत होता. त्यामुळे अक्षरं उमटत होती आणि विझत होती.

“लिहिलं नसेल,” सासरे म्हणाले. “म्हणायची मात्र रोज.”

जावयाने हातातला चौकोन फळीवर ठेवला.

“लावा कोटिंग.”

“यावरच?”

“यावरच.”

“तुमच्या मुलीला काय सांगू?”

“तिला अक्षर ओळखता येतं,” सासरे म्हणाले.

जावयाने कोटिंगची बाटली हलवली. सासऱ्यांनी दिवा दोन्ही हातांनी धरला, अक्षरं दिसतील असा तिरका, आणि काम संपेपर्यंत तो हलू दिला नाही.