सपाट चमचा

रंजीताला चंद्रपूरच्या दवाखान्यात भरती केलं होतं. तिला सुरू असलेल्या औषधांमुळे बाळाला अंगावर पाजायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा पवन तिच्याजवळ थांबला. दोन महिन्यांची उर्वशी चामोर्शीजवळच्या गावात आजोबांकडे, वारलूकडे राहिली. वारलूच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. पवनने पावडरचा डबा आणून दिला, दूध कसं करायचं ते एकदा घाईत दाखवलं आणि बस धरली.

वारलूने सगळं तसंच केलं, एक गोष्ट सोडून. डब्यातला चमचा तो शीग लावून, काठावर ढीग येईल असा भरायचा. उभ्या जन्मात त्याने कुणालाही धान दिलं ते शिगेनेच. ही तर नात.

चौथ्या दिवशी उर्वशी सारखी रडू लागली. दोन दिवस शी नव्हती, लघवीही कमी. भूक असेल म्हणून वारलूने पावडर आणखी वाढवली. तिचे ओठ कोरडे पडलेले दिसले तेव्हा मात्र तो घाबरला आणि तिला उचलून उपकेंद्रात गेला. तिथल्या रिना सिस्टरने दोघांना तडक चामोर्शीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दिवसभर ठेवून त्यांनी संध्याकाळी घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रिना घरी आली. "भाऊ, माह्यासमोर दूध करा."

वारलूने साबणाने हात धुतले. वाटी, चमचा, खुणांचा ग्लास उकळून काढले. पाणी उकळून थोडं निवू दिलं, ग्लासात नव्वद मिली मोजून घेतलं. मग डब्यातला चमचा भरला.

"थांबा. शीग काऊन?"

"नात हाय माही. तिले कमी देऊ?"

"हे कमी नाई, भाऊ. घट्ट दूध लेकराले झेपत नाई, अंगातलं पानी कमी पडते. पातळ केलं तरी वाईटच. या डब्याचं माप तीस मिलीले एक चमचा, सपाट." तिने सुरी उकळून घेतली आणि तिच्या पाठीने वरची पावडर डब्यात सारली.

वारलूने उर्वशीकडे पाहिलं. "मंजे मीच तिले बिमार केलं."

"तुमाले मालूम नव्हतं," रिना म्हणाली. "पन डब्यावर लिवलं असते. वाचता येत नसंल तर मले विचारा."

त्याने तीन सपाट चमचे घातले, ढवळलं, ग्लास थंड पाण्यात धरला, मनगटावर थेंब टाकून पाहिला. उर्वशी वाटी-चमच्याने प्याली. तळाशी उरलेलं तो झाकून ठेवू लागला, तर रिनाने ते ओतून टाकायला लावलं. "पुढच्या येळी ताजं करा."

दोन दिवसांनी उर्वशीला शी झाली. वारलूने लगेच फोन लावला. रंजीताने उचलला.

"बाबा, पेते का बरोबर?"

"पेते." तो अडखळला. मग शिगेपासून डॉक्टरांपर्यंत सगळं सांगून टाकलं.

रंजीताने सगळं ऐकून घेतलं.

"आता काय करून राह्यली?"

"झोपली हाय."

"मंग फोन तिच्याजवळ धरा. श्वास आयकू द्या."

वारलूने फोन उर्वशीच्या तोंडापाशी नेला आणि हात दुखेपर्यंत तसाच धरून ठेवला.