आठाने भागा

सत्य अविभाज्य असते, अशी गुणवंत सबनिसांची अढळ निष्ठा होती. फक्त त्याला आधी आठाने भागावे लागते, हे संचालक चोप्रासाहेबांना पटत नव्हते.

"एक सौ बीस बटा दो. साठ सेकंड," चोप्रासाहेब म्हणाले. "इसमें आठ कहाँ से आ गया, सबनीस?"

सबनीस उभेच होते. त्या आठवड्यात त्यांना कुठे बसवतच नसे. त्यांनी चौथ्यांदा समजावले. फाइलचे वजन बाइटमध्ये मोजतात, लाइनचा वेग बिटमध्ये सांगतात, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. तेव्हा चादरीच्या डिझाइनची एकशे वीस मेगाबाइटची फाइल दोन मेगाबिटच्या नव्या इंटरनेट लाइनीवरून पानिपतहून दिल्लीला यायला साठ सेकंद नव्हे, आठ मिनिटे लागतील. हातमागाच्या खात्यात हयात घालवून गज आणि मीटर यांत कधी गफलत न केलेल्या साहेबांनी हे शांतपणे ऐकून घेतले, आणि लाइनीच्या उद्घाटनाला येणाऱ्या मंत्रीजींना एक मिनिट कळवून झाले आहे, असे सांगितले.

समोरच्या कागदावर 'कालावधी: एक मिनिट' असे टाइप झालेले होते. खाली तांत्रिक सहायकाच्या, म्हणजे सबनिसांच्या, सहीची जागा कोरी होती. सबनिसांच्या रिटायरमेंटला तीन महिने उरले होते आणि पेन्शनचे कागद याच टेबलावरून पुढे जायचे होते. हे दोघांनाही ठाऊक होते.

तोड साहेबांनीच काढली. डिझाइनची सीडी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पानिपतहून बसने मागवायची. ती कंप्युटरवर उतरवून ठेवायची, मंत्रीजींनी बटण दाबले की मिनिटभर थांबायचे, आणि सबनिसांनी तीच फाइल उघडून टाळ्या घ्यायच्या. सही नंतर केली तरी चालेल.

उद्घाटनाच्या सकाळी लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये सबनीस खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत होते. मध्येच थांबून पेपरच्या समासात भागाकार करत होते.

"उत्तर बदललं का?" त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाईंनी विचारले.

"नाही."

"मग बसा की. एक मिनिट म्हटल्यानं बिल्कुल कोणाचं काही बिघडत नाही. मी तुम्हाला रोज एक मिनिटात येते म्हणून सांगतेच ना?"

"तू त्याच्याखाली सही करत नाहीस."

बाईंनी यावर थोडा विचार केला. "अच्छा. मग नका करू. पेन्शनचं बघू काय ते. पण आधी पायांत बघा, एक बूट काळा घातलाय आणि एक तपकिरी."

अकरा वाजता मंत्रीजींनी बटण दाबले. पडद्यावर निळी पट्टी उमटली आणि मुंगीच्या पावलाने सरकू लागली. एक मिनिट झाले. चोप्रासाहेबांनी सबनिसांकडे पाहून मान हलवली. सबनिसांचा हात माउसवर होता, तो त्यांनी उचलला आणि खिशात घातला. दुसरे मिनिट झाले. सभागृहात कोणीतरी खोकले.

"कितना टाइम लगेगा?" मंत्रीजींनी विचारले.

चोप्रासाहेबांनी तोंड उघडण्याआधीच सबनीस म्हणाले, "कुल आठ मिनट, सर."

एवढ्या मोठ्या आवाजात ते चौतीस वर्षांत ऑफिसात बोलले नव्हते. चोप्रासाहेब छताकडे पाहू लागले.

"अच्छा," मंत्रीजी म्हणाले. "तो तब तक मैं दो शब्द कह देता हूँ." आणि त्यांनी माइक हातात घेतला.

बरोबर आठव्या मिनिटाला त्यांच्या पाठीमागच्या पडद्यावर चादर उलगडली. लाल काठ, मधोमध मोर. ती फक्त सबनिसांनी पाहिली. बाकीचे सगळे मंत्रीजींकडे पाहत होते, कारण मंत्रीजी त्यांच्याकडे पाहत होते. भाषण संपले तेव्हा स्क्रीनसेव्हर लागला होता. त्यालाच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या सोमवारी कार्यक्रमाचे इतिवृत्त सहीसाठी सबनिसांच्या टेबलावर आले. त्यांनी पेनचे टोपण उघडून ठेवले आणि प्रत्येक ओळीखाली बोट धरून ते तीनदा वाचले. मंत्रीजी बावीस मिनिटे बोलले, असे त्यात होते. फाइलला किती वेळ लागला, ते कुठेच नव्हते.