पाय माझा ढिला, बोल श्रावणला

मी एक जुनी जीप आहे, मित्रांनो, आणि पहिल्याच वाक्याला रागावून बोलते आहे, तेवढं पोटात घाला. ज्या गोष्टीपायी एका भल्या माणसाला गावभर बोलणी खावी लागली, ती मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. पण मला तोंड कुठे आहे? एक भोंगा आहे, तोही दुसऱ्याने दाबला तर वाजतो.

माझा जन्म लढाईसाठी झाला. लढाई संपली आणि मला लिलावात काढलं. एका जंगल ठेकेदाराने मला झरी जामणीच्या रानात नेलं. तिथे रस्ता असा नव्हताच. नाले, दगडगोटे आणि सागाची खोडं. कोलामांच्या पोडावरची, म्हणजे पाड्यावरची, मुलं माझा आवाज ऐकून धावत यायची आणि माझ्या दिव्यांवर हात ठेवून पाहायची. ती वर्षं मी अंग मोडून काम केलं, पण माझं स्टिअरिंग कधी हललं नाही. त्याच रानात श्रावण गाडी चालवायला शिकला. सुरुवातीला तो संध्याकाळी थोडी घ्यायचा, हे मी लपवत नाही. पण छप्पन सालच्या दसऱ्याला तो नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला, आणि दारू सोडली ती सोडलीच. त्या दिवसानंतर माझ्या बाकावर दारूचा वास आला नाही, हे मी शपथेवर सांगते.

अठ्ठावन्न साली मारेगावच्या किसनरावांनी मला विकत घेतलं. मोठे कापूसवाले शेतकरी. श्रावणही माझ्याबरोबर त्यांच्याकडे आला. त्याची बायको रुखमाबाई वाड्याशेजारच्या गोठ्यापलीकडे राहायला आली. किसनरावांचं माझ्यावर फार प्रेम. मला तर वाटतं, जरा कमी असतं तर बरं झालं असतं!

कारण पोळा आला. त्या वेळी श्रावण सासुरवाडीला, बोरी अरबला गेला होता. आदल्या दिवशी किसनरावांनी बैलांचे खांदे लोणी-हळदीने शेकले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हेही आपलं जनावरच हाय. हिचेबी लाड झाले पाह्यजे." त्यांनी माझ्या बॉनेटला लोणी-हळद चोळली. इथवर ठीक होतं. मग त्यांनी बैलबंडी करणाऱ्या सुताराला बोलावलं आणि माझं पुढचं डावं चाक काढायला लावलं. बंडीचं चाक आसावर जरा सैल असावं लागतं, म्हणजे बैलांना ओढ बसत नाही. तोच हिशेब त्यांनी मला लावला. माझं चाक ज्या सांध्यावर वळतं, त्याच्या टोपीखाली पातळ पत्रे असतात. पत्रे जास्त घातले की सांधा सैल होतो. किसनरावांनी तेलाच्या डब्याचे चार तुकडे कापून तिथे घातले आणि समाधानाने म्हणाले, "आता कशी हलकी चालन!"

हलकी चालले मी! श्रावण परतल्यावर झरीच्या रस्त्याला जरा वेग घेतला, चाकाला एक खड्डा लागला, आणि माझी पुढची दोन्ही चाकं थडथड नाचू लागली. स्टिअरिंग श्रावणच्या हातात असं उसळलं की त्याचे खांदे हलले. त्याने वेग कमी केला तेव्हा कुठे मी शांत झाले. मागे बसलेल्या किसनरावांनी विचारलं, "श्रावण, हात काहून थरथरून राह्यले तुये?"

"मालक, हात नाई, गाडी थरथरून राह्यली."

"पोळ्यापह्यले तं ठीक होती. आता काय झालं तिले?"

अहो, पोळ्यालाच झालं! मी बोंब मारली, पण ती त्यांना खडखडच ऐकू आली.

यवतमाळचा धरमसिंग मिस्त्री आला. त्याने स्टिअरिंगचा डबा आवळला. थडथड तशीच, वर स्टिअरिंगचं चक्र जड. पंधरा दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा आवळला. आता वळण घेताना श्रावणला दोन्ही हातांनी लोंबकळावं लागे. जिथे ढिलं नाही तिथे आवळायचं आणि जिथे ढिलं आहे तिकडे कोणी ढुंकूनही पाहायचं नाही! मला नट काढून फेकून द्यावेसे वाटत. धरमसिंगने शेवटी हात झटकले. "गाडीत काई नाई. ड्रायव्हर पाहून घ्या."

एवढं वाक्य पुरे झालं. मग एका दुपारी किसनरावांच्या आई, मैनाबाई, गाडीत असताना मी थडथडत रस्ता सोडला आणि बाजाराला लागून असलेल्या तुरीच्या वावरात शिरले. कोणाला ओरखडाही आला नाही. पण आठवडी बाजाराचा दिवस, माणसं जमली. किसनराव धावत आले आणि भर बाजारात ओरडले, "पेऊन गाडी चालवतं? दे चावी!"

श्रावणने चावी दिली. माझ्या बाकावरची आपली घडी केलेली चादर घेऊन तो निघून गेला. मला इतकं वाईट लढाईतही वाटलं नव्हतं.

त्याच्या जागी हरिसिंग आला. दुसऱ्याच दिवशी मी त्यालाही नाचवलं. तो खाली उतरून म्हणाला, "मालक, मी तं जल्मात पेलो नाई!" आणि तसाच पायी गेला.

इकडे रुखमाबाई श्रावणला म्हणाली, "तुमचे हात थरथरत असते, तं सकाळी चहाची बशी हालली असती. चला, आपुनच पाहू." ती सरळ अंगणात आली आणि किसनरावांना म्हणाली, "एक सकाळ गाडी द्या. नाई सापडलं तं आमी गाव सोडू." किसनराव कबूल झाले.

रोग शोधायला दोन माणसं लागतात, मित्रांनो. एकाने वर बसून चक्र हलवायचं, दुसऱ्याने खाली पडून कोणता सांधा हलतो ते पाहायचं. इतके दिवस श्रावण एकटाच वर होता, आणि त्याच्या बाजूने कोणी बसायला तयार नव्हतं. आता रुखमाबाई पदर खोचून माझ्या चक्रामागे बसली. भिंतीवरून बघे खिदळले. तिने तिकडे पाहिलंही नाही.

श्रावणने डावं चाक वर उचललं आणि वर-खाली धरून हलवलं. खट्! "आता ब्रेक दाब." तिने दाबला. पुन्हा खट्! ब्रेक दाबूनही चाक हलतं, म्हणजे दोष चाकाचा नाही, वळायच्या सांध्याचा. त्याने टोपी उघडली. आत निळ्या-पिवळ्या रंगाचे, तेलाच्या डब्याचे चार तुकडे.

किसनरावांनी ते पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. श्रावणने तुकडे काढले, टोपी बसवली, चाक हलवून पाहिलं. आवाज नाही. धरमसिंगने आवळलेलं त्याने हळूहळू सोडलं. वर्षभराची कळ थांबावी तशी मी सुखावले.

"घे चावी," किसनराव हळूच म्हणाले. "उद्या झरीले जाचं हाय."

श्रावणने हात पुढे केला नाही. "बाजारात म्हटलं होतं, मालक. बाजारातच सांगा."

किसनरावांनी चावी बाकावर टाकली आणि आत निघून गेले. चार दिवस मी ठणठणीत होऊन अंगणात उभी राहिले, आणि मला हात लावायला कोणी नाही. काय हा माणसाचा हट्ट! चूक पत्र्याएवढी, पण तोंडातून निघत नव्हती.

बाजाराच्या दिवशी मैनाबाई माझ्यात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "ढकला रे पोरहो." गडीमाणसांनी मला ढकलत बाजारात नेलं. मागून किसनराव आले. श्रावण बाजारातच होता. खाली बघून पुटपुटले, "श्रावण पेत नाई. गाडी म्या बिघडवली."

"जोरात बोल, बापा," मैनाबाई म्हणाल्या. "त्या दिशी कसा जोरात बोलला होता!"

ते पुन्हा बोलले. या वेळी पार टोकाच्या भाजीवाल्यापर्यंत ऐकू गेलं. श्रावणने डोळे पुसले, चावी घेतली आणि मला घरी आणलं. सरळ, एका हाताने.

मित्रांनो, आमच्यावर प्रेम करा, पण आमचं अंग ओळखून करा. आम्ही बैल नाही, बंडी नाही. आणि अजून एक. आजही गाडीला खड्डा लागला की मागून कोणीतरी कुजबुजतं, "ड्रायव्हर घेते काय रे?" त्या बाजारात नसलेली माणसं पुष्कळ आहेत. श्रावण ऐकतो आणि गाडी चालवत राहतो. तुम्ही तरी असं विचारण्याआधी एकदा खाली वाका आणि माझी चाकं पाहा.