शेऱ्याचा रकाना

मित्रांनो, मी मंठ्याच्या शाळेतले एक जुने प्रगतिपुस्तक आहे. मला तीस वर्षे कधीच उलटून गेली. जालन्याच्या एका छापखान्यात मी तयार झाले. पिवळसर जाड कागद, निळे मुखपृष्ठ आणि आत पहिली ते सातवीची सात पाने. प्रत्येक पानावर गुण, हजेरी, उंची, वजन आणि अगदी खाली एक अरुंद रकाना. त्यावर छापले होते, 'वर्गशिक्षकांचा शेरा'.

साहेबराव गुरुजींनी माझ्यावर नाव लिहिले, पायल भिवा खरात. पायलचे वडील भिवा बाजारात पोती वाहायचे. आई गिरिजाबाई लोकांच्या शेतात मजुरीला जायच्या. गिरिजाबाईंनी शाळा पाहिलेली नव्हती. भिवांना सही तेवढी येत होती. आपली मुलगी शिकली पाहिजे, हे मात्र दोघांचे पक्के होते. मी पहिल्यांदा घरी गेले, तेव्हा गिरिजाबाईंनी हात पुसून मला हातात घेतले होते.

पायलचे गुण चांगले असायचे. अडचण खालच्या रकान्यात होती. पहिलीला गुरुजींनी लिहिले, 'हुशार आहे. वर्गात लक्ष नसते.' तिसरीला, 'वह्या अपूर्ण. वस्तू हरवते.' चौथीला, 'शांत मुलगी. खिडकीबाहेर पाहत बसते.' पाचवीला तर, 'मनात आणले तर पहिली येईल, पण मनावर घेत नाही.'

तिच्याच वर्गात पप्पू नावाचा मुलगा होता. तो बाकावरून बाकावर उड्या मारायचा. त्याच्यामुळे वर्ग थांबायचा, म्हणून त्याच्या वडिलांना दोनदा शाळेत बोलावणे गेले. पायलमुळे कधीच काही थांबले नाही. तिच्यासाठी कुणालाही बोलावणे गेले नाही.

पाचवीच्या निकालाच्या दिवशी भिवांनी शेजारच्या मुलाकडून शेरा वाचून घेतला. ते कामावरून थकून आले होते. त्यांनी पायलला मारले.

"मनावर घेत न्हाई म्हंजे काय? तुला काय कमी केलं आमी?" ते म्हणाले.

मी कोपऱ्यात उघडे पडले होते. माझ्यावरच्या एका ओळीने मार बसला, हे मला तेव्हा कळले. त्यानंतर पायल आपले लक्ष उडते हे लपवायला शिकली. गुरुजी बोलत असताना मान डोलवायची, म्हणजे ऐकते आहे असे वाटे. धडा तीन तीन वेळा वाचायची. इतरांचे एका तासात व्हायचे, त्याला तिला अख्खी दुपारही पुरायची नाही. सहावी-सातवीच्या रकान्यात 'सुधारणा आहे' असे आले. सुधारणा कशी झाली, ते कुणी विचारले नाही.

सातवी संपली आणि माझे काम संपले. मला रद्दीत टाकायचे ठरले, तर गिरिजाबाईंनी हात आडवा केला. "कागद हाय तो, फेकायचा न्हाई," एवढेच त्या म्हणाल्या. मग मी अंधारात गेले आणि पंचवीस वर्षे तिथेच राहिले. कसरीने माझा एक कोपरा खाल्ला. निळा रंग उडाला. आपला आता कुणाला उपयोग नाही, असे मी धरून चालले होते.

गेल्या हिवाळ्यात पायल मला शोधत मंठ्याला आली. आता ती अडतीस वर्षांची होती. नवरा प्रितम याच्यासोबत जुन्या जालन्यात राहत होती. गिरिजाबाईंनी मला इतके जपून ठेवले होते, की कुठे ठेवले तेच त्यांना आठवेना. पेटी उपसली, गाद्या झटकल्या. शेवटी मांडणीच्या खालच्या फळीवर, वर्तमानपत्राखाली मी पायलच्या हाताला लागले.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर शीतल यांच्या टेबलावर होते. त्या जालन्यात मनाच्या आजारांवर उपचार करतात. तिथे पायल जे बोलली, त्यातून मला मधल्या वर्षांची हकिकत समजली. तिने बी.एस्सी. केले होते, पण दोन नोकऱ्या सुटल्या होत्या. तिसरी नोकरी एका बियाणे कंपनीत होती. तिथे तिने पाकिटांच्या दोन ढिगांवर उलटसुलट लॉट नंबर लावले. गाडी निघण्याआधी चूक सापडली म्हणून निभावले, पण तिला त्या टेबलावरून उठवले. ती घरी आली आणि आपण कशाच्याच लायकीच्या नाही, असे म्हणून दोन दिवस जेवली नाही. प्रितमने तिला समजावून डॉक्टरांकडे आणले. याआधी दोन वर्षे तिने उदासीवर गोळ्या घेतल्या होत्या. उदासी कमी झाली होती. विसरणे होते तसेच राहिले होते.

डॉक्टरांनीच लहानपणीचा काही कागद मागितला होता. त्यांना ज्या त्रासाची शंका होती, तो बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेला असावा लागतो. मोठेपणी अचानक उगवलेला विसरभोळेपणा वेगळ्या कारणांनी असतो. त्यांनी माझी सातही पाने वाचली. गुण पाहिले नाहीत. फक्त शेरे पाहिले. मग पायलशी, प्रितमशी पुन्हा बोलून, आणखी दोन भेटींनंतर त्यांनी सांगितले, की याला एडीएचडी म्हणतात. मेंदूची लक्ष आवरण्याची घडण इतरांहून वेगळी असते. तो आळस नाही आणि आईवडिलांच्या वळणाचाही दोष नाही.

पायलने मला जवळ ओढून पाचवीचे पान उघडले. मग तिने विचारले, "मंग मॅडम, मला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं का न्हाई?"

डॉक्टरांनी खुर्ची थोडी पुढे घेतली. सुरुवातीचे संशोधन मुख्यतः मुलग्यांवर झाले, असे त्यांनी सांगितले. जे धावतात, उड्या मारतात, वर्ग बंद पाडतात, ते लगेच दिसतात. शांत बसून मनाने निघून जाणाऱ्या मुली मोजणीतच आल्या नाहीत. मुलगी हुशार असली तर मार्क त्रासाला झाकतात आणि ती स्वतःही झाकायला शिकते. हे लहानपणीच संपते, असेही पुष्कळ वर्षे मानले जायचे. पुढे अभ्यासकांनी त्याच मुलांना मोठेपणी पुन्हा तपासले, तेव्हा कितीतरी जणांत ते टिकून असल्याचे दिसले. तोवर बायका उदासीचे, काळजीचे औषध घेत राहिल्या.

"तुमच्या गुरुजींनी बरोबर पाहिलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "त्या काळी त्याचा अर्थ सांगणारं कुणी त्यांच्याजवळ नव्हतं."

पायलला औषध सुरू झाले आणि काम करण्याच्या काही रीती शिकवल्या गेल्या. कंपनीने तिला बियाण्यांच्या चाचणीच्या प्लॉटवर फिरून रोपांच्या नोंदी घेण्याचे काम दिले. बसून राहण्यापेक्षा ते तिला मानवले. अजूनही ती किल्ली विसरते, डबा विसरते. पण आता त्यावरून स्वतःला शिव्या देत नाही.

ती हे सांगायला मंठ्याला गेली, तेव्हा मला सोबत घेऊन गेली. भिवांनी सगळे ऐकून घेतले.

"पाचवीला मी मारलं व्हतं तुला," ते म्हणाले. "ठाव असतं तर हात उचलला नसता."

"मला तरी कुठं ठाव व्हतं, बाबा," पायल म्हणाली.

गिरिजाबाई दाराशी बसून शेंगा फोडत होत्या. त्यांचे हात थांबले. हे म्हाताऱ्या बायांना बी असतंय का, असे त्यांनी हळूच विचारले. भाकर तव्यावर टाकून त्या बाहेर जायच्या आणि तिकडेच रमायच्या. खुरपे कुठल्या शेतात राहिले ते आठवायचे नाही. सासू त्यांना येडी म्हणायची आणि त्यांनीही ते मान्य करून टाकले होते.

हा त्रास घराण्यात उतरतो, हे डॉक्टरांनी पायलला सांगितले होते. ती आईला जालन्याला घेऊन गेली. वयामुळे आलेले विसरणे आधी वेगळे काढावे लागले, रक्त तपासावे लागले. गिरिजाबाईंचा लहानपणीचा एकही कागद नव्हता. म्हणून शहागडहून त्यांची थोरली बहीण कौसल्या आली. ती डॉक्टरांना म्हणाली, "ही बिलकुल ल्हानपणापासून अशीच हाय. आमी हसायचो तिला." डॉक्टरांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. सगळ्या तपासण्या झाल्यावर त्यांनी सांगितले, की लेकीला आहे तेच आईलाही आहे.

गिरिजाबाईंनी पदर सावरला. "म्हंजे मी येडी न्हवते," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मी फक्त कागद आहे. माझ्यावर जे लिहितात, तेवढेच मला बोलता येते. तुम्हांला मात्र विचारता येते. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणी गप्प बसून कुठेतरी हरवत असेल, तर नाव ठेवण्याआधी शेजारी जाऊन बसा आणि तुला काय होते, असे विचारा. गिरिजाबाईंना हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला, तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या.