नितळबाबांच्या दोन बाटल्या

"हळू खोक गो, शेजारी ऐकतले."

माझी आई आत्याला असं बजावायची. आत्या उशीत तोंड खुपसून खोकायची, आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत जात्यावरची ओवी गुणगुणायची:

लेकीचं दुखणं झाका गं पदरात
गावच्या वाऱ्याला कळू नये मात

आत्या त्या पदरातच विझली. ओवी गोड होती, पण तिने कुणाची छाती बरी झाली नाही.

परवाच्या रविवारी भांडुपच्या टेकडीवर, आमच्या चाळीपुढच्या पटांगणात, मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंडपात नितळबाबा बसले होते. कपाळभर भस्म, आणि पुढ्यात पूजेच्या तांब्याऐवजी दोन बाटल्या. एक लालभडक, एक नितळ. दोन्हींत एकाच क्षयरोग्याची लघवी!

"पाहा!" बाबांनी लाल बाटली उजेडात धरली. "दवाखान्याची गोळी रक्त जाळते, जळकं रक्त खाली उतरतं. गोळी फेका, माझं मंतरलेलं पाणी प्या." दुसरी बाटली वर गेली. "झालं की नाही नितळ?"

"झालं!" पटांगण गरजलं.

पहिल्या रांगेत सखुबाई टाळ्या पिटत होत्या. माझ्या भाचीच्या, क्षमाच्या, होणाऱ्या सासूबाई. त्यांना ठाऊक नव्हतं, चाळीलाही ठाऊक नव्हतं, की क्षमाला टीबी झालाय. गोळ्या लागू पडल्या होत्या, पोरीच्या गालांवर पुन्हा मांस चढत होतं. पण लाल लघवी बघून माझी बहीण रुक्मिणी हबकली आणि लेकीला चोरून याच बाबांकडे घेऊन गेली. गोळ्या बंद झाल्या, लघवी नितळ झाली, रुक्मिणीने देवापुढे नारळ फोडला. पुढे खोकला परत आला. दवाखान्यात थुंकी तपासली, तर जंतूही परतले होते.

ती तपासणी करायला लावली नमिताने. नमिता आमच्याच चाळीतली. डॉक्टर नाही, नर्स नाही. स्वतः टीबीतून उठली, मग दवाखान्याने तिला शिकवून घरोघर पाठवलं: पेशंटशी बोल, धीर दे, गोळी सुटू देऊ नकोस, आणि कुणाचं नाव कुणाला सांगू नकोस. लघवी लाल होईल, हेही तिने आधी सांगितलं होतं. पण लाऊडस्पीकरपुढे नमिताचं ऐकतो कोण? गोळ्या पुन्हा सुरू कर म्हणून तिने क्षमाला किती विनवलं. क्षमाचं एकच, "लग्न होऊ दे गं, मग बघू." तोवर पोरगी हातची जाईल, या धास्तीने माझा जीव उडाला होता.

गर्दीतून नमिता पुढे झाली. तिच्या हातातही एक लाल बाटली.

"बाबा, हा पेशंट कसा आहे, सांगा ना."

बाबांनी डोळे मिटले. "अरेरे! काळीज करपलंय याचं. येती अमावस्या बघत नाही."

"काय बोलता यार!" मागून रिक्षावाला बळवंत उठला. "माझी आहे ती बाटली! आणि गटारीची कोंबडी सांगून ठेवलीय मी!"

अख्खं पटांगण हसलं. बळवंतने छाती ठोकली. "लपवायचं काय? टीबी झाला, गोळ्या खातोय. परवा थुंकी तपासली, जंतू नाहीत. तरी कोर्स पुरा करणार."

नमिता लोकांकडे वळली. "त्या गोळीतलं एक औषधच लाल असतं. पोटात गेलं की लघवी लाल होते, कधी घाम नि आसवंसुद्धा. रक्तबिक्त जळत नाही. गोळी थांबवली की रंग थांबतो. मग बाबांचं पाणी प्या नाहीतर नळाचं, लघवी नितळच होणार! जंतू मात्र छातीत तसेच राहतात, आणि औषध नसलं की पुन्हा वाढतात. भीती वाटली तर विचारा. मला विचारा, डॉक्टरांना विचारा. न विचारता गोळी सोडू नका."

"थोतांड!" बाबा कडाडले. "माझ्या पाण्याने नितळ झालेला एक तरी पुन्हा आजारी पडलाय? घे नाव!"

नमिताचे ओठ हलले आणि मिटले. नाव तिच्या जिभेवर होतं. ते घेतलं असतं तर बाबांचा बाजार तिथेच उठला असता. तिने ते घेतलं नाही. ताठ उभी राहिली, बाबांच्या डोळ्याला डोळा देऊन.

"बघा, वाचा बसली!" बाबा हसले. गर्दी पुन्हा त्यांच्या बाजूला कलू लागली. सखुबाईंनी जयजयकाराला हात वर केला.

तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेली क्षमा उठली. तोंडाला ओढणी बांधलेली. रुक्मिणीने तिचा हात खेचला. "गप रव गो! लगीन मोडात तुझा."

"मोडू दे, आई." क्षमाने हात सोडवला. "बाबा, माझं नाव घ्या! तुमच्या पाण्याने नितळ झाले ती मी. तुमच्या नादाने गोळ्या सोडल्या, आणि आजार परत आला."

सखुबाई वळल्या. वर केलेला हात तसाच राहिला. क्षमा थेट त्यांच्याकडे बघून म्हणाली,

"काकू, मला टीबी आहे. उद्या नमिताताईबरोबर दवाखान्यात जातेय. लग्नाचं काय ते तुम्ही ठरवा. गोळ्या मी घेणार!"