बटणावरचा अंगठा

भित्रेपणात तिचा हात कोणी धरू शकलं नसतं. लहानपणी तहान लागली तरी अंधारातून स्वयंपाकघरात जायची नाही, तेव्हापासून मामा तिला भागूबाई म्हणायचा. आता केसांत पांढरं डोकावू लागलं होतं, तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. आणि हीच भागूबाई पोटासाठी नेमक्या धास्तीच्या जागा धुंडाळत फिरायची. कारखाने, पूल, उंच धुराडी यांचे फोटो काढायचे, हा तिचा धंदा.

डोंगरातल्या बोगद्याचे फोटो पहिल्या कुदळीपासून तिनेच काढले होते. दोन्ही बाजूंनी पोखरत आलेल्या माणसांच्या मधे आता एकच भिंत उरली होती. इंजिनीअर साहेबांना त्या भिंतीचा फोटो हवा होता, तोही सुरुंग भरलेल्या अवस्थेत. भोकांतून तारा लोंबताहेत आणि समोर सुरुंगाची माणसं उभी आहेत, असा.

सुरुंगाच्या मुकादमाला हे खूळ पसंत नव्हतं. त्याने तिला स्वतः फोन केला.

"बाई, दिवे तुमचे तुम्ही आणा. दारू भरताना आम्ही आतली वीज तोडतो. पण रेडिओवर चालणारं काही आत येणार नाही. मोबाइल नाही, वॉकीटॉकी नाही, तुमचं काही असेल तर तेही नाही."

"त्याने काय होतं?"

"दारू पेटवायला आत टोपी बसवतो, ती विजेवर उडते. तिच्या तारा लांबलचक. त्या एरियलसारख्या हवेतली लहर पकडू शकतात." मग त्याने पुस्ती जोडली. "सहसा पकडत नाहीत."

त्या 'सहसा'ने तिची झोप उडवली. काम दुसऱ्या कोणाला दे, असं मन सांगत होतं. पण पहिल्या कुदळीचा फोटो आपला आणि शेवटच्या भिंतीचा भलत्याचाच, हेही तिच्याने सहन होईना.

दुसऱ्या दिवशी ती मामाकडे गेली. वडील गेल्यावर मामानेच तिला वाढवलं होतं, आणि आपल्या फोटो स्टुडिओत बसवून कॅमेराही शिकवला होता. स्टुडिओ कधीच बंद झाला होता. आता मोठं काम असलं की तो तिचे दिवे सांभाळायला यायचा. कान गेले होते, पण कानातल्या मशीनवर भागायचं.

मामीने टेबल रिकामं करून दिलं आणि दोघं विचाराला बसली. कॅमेरा एकीकडे, फ्लॅश लांब दुसरीकडे. तो नेमक्या क्षणी उडवायचा कसा?

"तार ओढ," मामा म्हणाला. "तारेसारखं इमानी काही नाही."

"मुकादम नाही म्हणतो. माझ्या तारांत तुमची तार नको, म्हणतो."

"मग ते नवं घेतलंस ते? डबीवालं?"

ते रेडिओवालं होतं. एक डबी कॅमेऱ्याजवळ, दुसरी फ्लॅशच्या बुडाला. बटण दाबलं की भिंतीपलीकडचा फ्लॅशसुद्धा उडायचा. त्याने आजवर एकदाही दगा दिला नव्हता, आणि नेमकं तेच चालणार नव्हतं. उरला प्रकाशावरचा उपाय. लांबच्या फ्लॅशला एक काचेचा डोळा असतो. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश चमकला की तो डोळा ती चमक पाहतो आणि मोठा फ्लॅश आपोआप उडतो.

"धुळीत तो डोळा आंधळा होतो," मामा म्हणाला. "ऐनवेळी तोंडघशी पाडेल तुला."

"पाडू दे. फोटो बिघडला तर बिघडला. आपण तरी धड राहू."

"भागूबाई ती भागूबाईच," मामा म्हणाला आणि गप्प झाला. मामा वाद अर्धवट सोडतो तेव्हा सावध व्हायला हवं, हे तिला ठाऊक होतं. पण तिचं लक्ष सामान भरण्यात होतं.

बोगद्याच्या तोंडाशी पहारेकऱ्याने त्यांचे फोन काढून घेतले, गाडीची चावीही घेतली. मामाने आपणहून कानातलं मशीन काढून त्याच्या हातावर ठेवलं. "हेही विजेचंच आहे बाबा. जपून ठेव, त्याशिवाय मला बायकोची बोलणी ऐकू येत नाहीत." पहारेकरी हसला. इतक्या सरळ म्हाताऱ्याचे खिसे कोण तपासतो?

आत जाताना मागचा उजेड बघता बघता नाण्याएवढा झाला. छतातून पाणी ठिबकत होतं आणि बुटांखाली चिखल चुबकत होता. डोक्यावरच्या टोपांचे दिवे सोडले तर सगळीकडे मिट्ट काळोख. मग भिंत आली. भोकाभोकांतून पिवळ्या-लाल तारा बाहेर आल्या होत्या, जणू दगडाला मिशा फुटल्या होत्या. मुकादमाची माणसं त्यांची टोकं एकमेकांना जोडत होती. एकाने विचारलं, "बाई, फोटोत हसायचं का?"

"हसा की," ती म्हणाली.

तिने कॅमेरा तिवईवर चढवला. मोठा फ्लॅश घेऊन मामा भिंतीच्याच दुसऱ्या टोकाला, खडकाच्या खाचेत जाऊन उभा राहिला. तिने एक फोटो काढून पाहिला. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश चमकला. खाच मात्र काळीच राहिली. तिने कॅमेरा थोडा वळवून पुन्हा काढला, तरी तेच. समोर धूळ अशी तरंगत होती की तिच्यातून चमक पलीकडे पोचतच नव्हती.

आता मामाला डोळा पुसायला कसं सांगावं, याचा ती विचार करत होती, तोच खाचेतला दिवा हलला. मामा निघाला होता. तारांच्या पुढून, भिंतीच्या कडेकडेने तो तिच्याकडे येत होता. एक हात पुढे केलेला, आणि चेहऱ्यावर लहानपणी तिला जत्रेतलं खेळणं देताना असायचं तसं हसू. हातात काहीतरी छोटंसं काळं होतं. त्यावर हिरवा ठिपका लुकलुकत होता.

तिला ते ओळखायला क्षणही लागला नाही. डबी. आणि ती चालू होती.

मामाला ऐकू येत नव्हतं. ओरडावं तर त्याला कळणार नाही, नुसते बाकीचे दचकतील. त्याचा अंगठा बटणावर होता. कुठलंही यंत्र हातात देण्याआधी तो एकदा चालवून दाखवायचा, 'बघ, चालतंय', ही त्याची जन्माची खोड. अंगठ्याचं नख पांढरं पडलेलं तिला त्याच्या टोपाच्या उजेडात दिसलं.

काय करावं हे तिने ठरवलं नाही, हातानेच केलं. स्टुडिओत गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की मामा आपला पंजा छातीसमोर आडवा धरायचा आणि डोळे मिटून उघडायचा. म्हणजे, श्वास धरा, हलू नका. तिने तस्साच पंजा धरला, तसेच डोळे मिटले. उघडले तेव्हा मामा जागच्या जागी थिजला होता. अंगठा होता तिथेच होता. हसू हळूहळू उतरत होतं.

मुकादमाने तिच्या पंजावरून नजर मामाकडे नेली आणि तिथून त्या हिरव्या ठिपक्याकडे.

"हातातलं सोडा," तो आपल्या माणसांना हळूच म्हणाला. "टोकं एकमेकांना लागू देऊ नका. बाहेर चला. पळायचं नाही."

माणसं निघाली. चिखलात बुटांचे आवाज लांब जात राहिले.

"बंद करू का?" तिने विचारलं.

"बंद करताना ते लहर सोडतं की नाही, सांगू शकता?"

तिला सांगता येईना. बंद करताना हिरवा ठिपका एकदा लाल होतो, एवढंच तिने पाहिलं होतं. त्या लाल क्षणात आत काय होतं, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

"मग काही करायचं नाही. आहे तसं बाहेर न्यायचं. आधी त्यांचा अंगठा काढा. असं आणखी काही?"

"त्या फ्लॅशखाली असेल. पण ते नुसतं ऐकतं, बोलत नाही."

"ते मी आणतो."

ती मामाजवळ गेली. त्याचे डोळे तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते, आणि बहुधा ते त्याला सापडलं होतं. तिने त्याच्या मनगटाखाली आपला हात धरला आणि दुसऱ्या हाताने त्याच्या अंगठ्याचं टोक पकडलं. अंगठा गार होता आणि थरथरत होता. मामाचे हात अलीकडे थरथरतात हे तिने पाहिलं होतं, पण तोंडाने कधी कबूल केलं नव्हतं. आता त्याच थरथरीला जपत तिने तो अंगठा वर उचलला. खाली आपटू नये म्हणून बाजूला घेतला आणि आपल्या मुठीत घट्ट धरून ठेवला.

मग दोघं चालू लागली. भिंतीकडे पाठ झाली तेव्हा जास्तच वाईट वाटलं. पाठीचं कातडं आपोआप आवळत होतं, जणू कोणी मागून फुंकर घालणार आहे. प्रत्येक खड्ड्याशी ती थांबायची, पायाने अंदाज घ्यायची आणि मग मामाला पुढे घ्यायची. पडलो तर काय, हा विचार मनात आला की ती तो गिळून टाकायची. हिरवा ठिपका तिच्या बोटांवर उजेड टाकत होता. मामाच्या घशातून एक बारीक आवाज येत होता. आपला आपल्याला ऐकू येत नसल्यामुळे त्याला तो ठाऊक नव्हता. तो रडत होता.

बाहेरच्या उजेडात आल्यावरही ती थांबली नाही. फाटक ओलांडून पार रस्त्यापर्यंत गेली आणि तिथे डबीतल्या बॅटऱ्या काढल्या. मामा दगडावर बसला. पहारेकऱ्याने आणून दिलेलं मशीन कानात घालायला त्याला बराच वेळ लागला.

"खिशात बंदच होतं गं," तो म्हणाला. "आत फ्लॅश उडेना, मग चालू केलं."

"कानातलं काढून ठेवलंस आणि हे नेलंस?"

"कानातलं चालू होतं. हे बंद होतं."

तिला राग इतका आला होता की दात वाजत होते. "मी नको म्हटलं होतं ना? सांगितलं होतं ना तुला?"

"तुझा फोटो वाया जाईल असं वाटलं," मामा म्हणाला आणि खाली मातीकडे बघत बसला.

मुकादम फ्लॅश आडव्या हातांवर घेऊन बाहेर आला. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. त्याने नुसता चेहरा पुसला.

"बहुतेक काही झालं नसतं. एवढ्याशा डबीत दम तो किती." मग तो मामाकडे न बघता म्हणाला, "पण त्या 'बहुतेक'समोर माझी माणसं उभी होती. हे आजोबा आता फाटकाच्या आत येणार नाहीत."

इंजिनीअर साहेब धावत आले. त्यांना अजून फोटो हवाच होता. मुकादम तिच्याकडे वळला. "तुम्ही एकट्या येत असाल तर या. फ्लॅशबिश काही नाही."

तिला नाही म्हणायचं होतं. पाय तर केव्हाचे नाही म्हणत होते. पण फोटोत हसायचं का विचारणारा माणूस टोप चढवून पुन्हा आत निघाला होता. आपण त्या लोकांना यात घातलं आणि आता बाहेरून त्यांच्या पाठी बघत राहायचं, ही लाज तिला भीतीपेक्षा जड झाली. ती त्याच्या मागून गेली.

आत तिने तारा जोडून होईपर्यंत वाट पाहिली. मग माणसांना भिंतीसमोर उभं केलं आणि मागे राहिलेल्यांना टोपांचे दिवे भिंतीवरून सावकाश फिरवायला सांगितलं. कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं धरून ती उभी राहिली. तिचा श्वास कोंडला होता, समोरच्यांचाही. फोटोत तारा लख्ख आल्या. चेहरे थोडे हलले होते. हसलं कोणीच नव्हतं.

दुपारी सुरुंग उडाला. तळव्यांखालची जमीन एकदा उसळली, मग धूळ आली, आणि धुळीच्या मागून डोंगरापलीकडचा गार वारा आला. माणसांनी टोप काढले. मामा गाडीत बसून होता, त्याने काच खाली केली आणि तो वारा तोंडावर घेतला.

मग दोघं मामाच्या घरी परतली. जिना चढून वर आल्यावर तिने मामाच्या दाराची बेल वाजवायला बोट पुढे केलं, ते बटणापाशी जाऊन अडलं. पुढे जाईना. मामाही बघत होता. त्यानेही हात उचलला नाही. दोघं तशीच दाराबाहेर उभी राहिली, आणि शेवटी मामीनेच जिन्यातली पावलं ऐकून दार उघडलं.

"बाहेर काय उभे?" मामी म्हणाली. "आणि दोघांचे चेहरे असे का?"

"भूक लागलीय," मामा म्हणाला, आणि भाचीचा हात धरून आत गेला.